घरच्या घरी सागवानी चौरंग: वखारीपासून पॉलिशपर्यंत

बाजारातून आणलेल्या चौरंगाची दोन दुखणी बहुतेक घरांत ओळखीची असतात. वरच्या फळीला मधोमध भेग पडते, आणि जमिनीवर ठेवला की तो एका पायावर डुगडुगतो. भेग पडली की बोल लाकडाला लागतो. लाकूड बऱ्याचदा चांगलंच असतं. फळी चारी बाजूंनी खिळे मारून किंवा फेव्हिकॉल लावून जखडलेली असते आणि उन्हाळ्यात आकसायला तिला जागाच नसते, म्हणून ती फाटते. हे टाळायला महागडं मशीन लागत नाही. फळी कशी बसवायची हे कळायला हवं आणि चार पायांचे सांधे नेटके जमायला हवेत.

इथे दिलेला चौरंग १८ इंच बाय १८ इंच, उंची १२ इंच. घरगुती गणपती, सत्यनारायण, रोजची पूजा, सगळ्याला चालणारं माप आहे. तयार झाल्यावर वजन साडेपाच ते सहा किलो भरतं. ज्यानं याआधी करवत आणि रंधा थोडाफार हाताळलाय, त्याला चार सुट्ट्यांचे दिवस पुरतात. गोंद सुकण्याचा आणि पॉलिशचा वेळ वेगळा.

मापं इंच आणि सुतात दिली आहेत, कारण वखारीत आणि सुताराकडे तीच चालतात. ८ सूत म्हणजे १ इंच. १ सूत म्हणजे ३ मिलिमीटरहून किंचित जास्त.

लाकूड किती हलतं

सागवान कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतं. तरीही लाकडातली ओल १ टक्क्यानं बदलली की साध्या चिरकामाची सागवानी फळी रुंदीत सुमारे ०.१९ टक्के बदलते. भर पावसाळा आणि एप्रिल-मे यांच्या दरम्यान घरातल्या लाकडाची ओल ४-५ टक्क्यांनी खालीवर होऊ शकते. १८ इंचांच्या रुंदीला हे गणित लावलं की फरक ४ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास सव्वा सूत. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही. सव्वा सूत ऐकायला काहीच वाटत नाही, पण ही हालचाल अडवली तर एक तर फळी तडकते, नाहीतर पायांचे सांधे उघडतात.

ज्या फळीच्या टोकाला वर्तुळांच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसतात, ती याच्या जवळपास निम्मीच हलते. वखारीत ढिगातून निवडायची मुभा असेल तर वरच्या भागासाठी अशाच फळ्या काढा. सहसा मिळत नाहीत, मिळाल्या तर सोडू नका.

वखारीत काय मागायचं

सुटे भाग असे. पहिलं माप कच्चं, म्हणजे वखारीतून कापून घ्यायचं. दुसरं रंधून तयार झालेलं.

वरची फळी: ३ तुकडे, कच्चे २० × साडेसहा × सव्वा इंच. जोडून आणि रंधून १८ × १८ इंच, जाडी ७ सूत.
पाय: ४ नग, कच्चे साडेबारा × २ × २ इंच. तयार पावणेदोन इंच चौरस; अखेरची उंची ११ इंच १ सूत.
पट्ट्या (पायांना जोडणाऱ्या): ४ नग, कच्च्या १५ × ३ × १ इंच. तयार पावणेचौदा × पावणेतीन इंच, जाडी ६ सूत.
गुटके (फळी धरून ठेवणारे): ८ नग, १ × दीड इंच, जाडी ६ सूत. पट्ट्यांच्या उरलेल्या टोकांतून आणि ढलप्यांतून निघतात.

निव्वळ लाकूड अर्धा घनफूट होतं. गाठी, फुटलेली टोकं आणि करवतीची वाट धरून पाऊण घनफूट घ्या. वखारवाला फळीची लांबी फुटांत पूर्ण करूनच मोजतो, त्यामुळे आधी कागदावर तुकडे मांडून जा: सव्वा इंची जाडीची ६ फूट फळी, २ × २ ची ५ फुटी पट्टी आणि ३ × १ ची ६ फुटी पट्टी. टोकाला चीर असली तरी भागेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नाव मोठं आहे. अयोध्येच्या मंदिराच्या कामासाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान गेलं, ते याच पट्ट्यातलं. शहरातल्या वखारीत मात्र आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग जास्त दिसतो. चौरंगाला तोही चालतो. पाहायचं एवढंच की तुकड्यात पिवळट-पांढरा कडेचा भाग शक्य तितका कमी असावा. सागाचा टिकाऊपणा तपकिरी गाभ्यात असतो. पांढऱ्या भागाला भुंगा आणि वाळवी दोन्ही लागतात. पॉलिशवाला रंग मारून दोन्ही सारखे दाखवू शकतो, म्हणून निवड कच्च्या लाकडातच करायची.

जुन्या वाड्यांचं लाकूड मिळालं तर उत्तम, ते कधीचं वाळून बसलेलं असतं. त्यात मोडलेले खिळे हमखास असतात. रंधा किंवा करवत लावण्याआधी तुकड्यावरून चांगलं लोहचुंबक फिरवा. एक खिळा रंध्याच्या पात्याला असा खड्डा पाडतो की अर्धा तास धार लावायच्या दगडावर जातो.

कोकणात फणसाचं लाकूड सहज मिळतं. पाटांना आणि देव्हाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलंय. रंधायला सोपं, रंग सुरेख. आंबा स्वस्त पडतो पण त्याला भुंगा लवकर लागतो, पहिल्या कामाला तो घेऊ नये. आयात मालाच्या खोक्यांचं पाइन वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन शुद्ध केलेलं, ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नका.

आणलेलं लाकूड लगेच कापायला घेऊ नका. कच्च्या मापात तुकडे करून, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असे रचून चौरंग जिथे राहणार त्याच घरात किमान दोन-तीन आठवडे ठेवा. वाळलं की नाही ते कसं कळणार? एका तुकड्यावर खूण करून त्याचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन दिवसांनी लिहून ठेवा. आठवडाभर वजन एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त हललं नाही, तर लाकूड घराच्या हवेशी जुळलं. नेमका आकडाच हवा असेल तर फळीच्या टोकापासून थोडं आत, एक छोटा तुकडा कापा. तो तोला, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या जरा वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. ११२ ग्रॅमचा १०० झाला तर ओल १२ टक्के. १० ते १४ मध्ये असेल तर कामाला लागा. १८-२० असेल तर थांबा, कितीही घाई असली तरी.

हत्यारं

करवत (बारीक दातांची असेल तर सांध्यांना बरी), लोखंडी रंधा, पाव इंची आणि पाऊण किंवा एक इंची पटाशी, मोगरी (लाकडी हातोडा), गुण्या (काटकोन पाहायचा), मार्किंग गेज (कडेला समांतर रेषा आखायचं), धारदार चाकू, ड्रिल आणि ६ मिमीचं बिट, लांब क्लॅम्प चार. पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २४० नंबरचा.

पटाशी आणि रंध्याचं पातं दुकानातून आलं तसं वापरायचं नसतं. पाठ दगडावर पूर्ण सपाट करा, धार २५ अंशांत घासा आणि शेवटचा हात ३० अंशांवर द्या. सागात वाळूसारखे कण असतात, ते धार खातात. दर तासा-दीड तासानं दगडावर दोन मिनिटं द्यावीच लागतात. मनगटावरचे केस निघाले पाहिजेत, एवढी साधी कसोटी. मोठा अपघात बहुधा बोथट पटाशीनं होतो, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. मोकळा हात कायम धारेच्या मागे.

सागाची धूळ नाका-त्वचेला झोंबते, काहींना पुरळ उठतं. पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क लावा.

रंधणं

प्रत्येक तुकड्याची आधी एक बाजू सपाट करायची, मग तिच्याशी काटकोनात एक कड. या दोन बाजूंना पेन्सिलीनं खूण करा आणि पुढची सगळी मापं यांच्यावरूनच घ्या. एकदा या बाजूवरून, एकदा त्या बाजूवरून माप घेतलं की चूक दुप्पट होते.

फळीला पीळ आहे का ते नुसत्या नजरेनं कळत नाही. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि डोळा खाली नेऊन एकीच्या वरच्या कडेवरून दुसरी पाहा. कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक कोपरा वर दिसला तर तिथून समोरच्या उंच कोपऱ्याकडे तिरका रंधा मारत न्या, मग लांबीत.

लाकडाची रेषा, म्हणजे तंतू, कुठल्या दिशेला चढते ते फळीच्या कडेवर दिसतं. त्याच दिशेनं रंधा जायला हवा. मांजराच्या पाठीवरून हात उलटा फिरवला की केस उभे राहतात, तसंच उलट्या रेषेवर लाकूड उचकटतं. सागात रेषा मध्येच दिशा बदलते. तिथे पातं अगदी कमी बाहेर काढा, रंधा थोडा तिरका धरा, तरीही उचकटलं तर राहिलेलं काम स्क्रेपरनं, म्हणजे खरवडायच्या पातळ पोलादी पत्रीनं करा.

पायांसाठी तुकडे निवडताना टोकाकडे पाहा. वर्तुळाच्या रेषा कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या जात असतील तर पायाच्या चारी बाजू सारख्या दिसतात. नुसती हौस आहे, पण तयार कामात ती दिसते.

वरची फळी जोडणं

तीन फळ्या शेजारी मांडून रेषांचं चित्र जुळवा आणि वरून एक मोठा त्रिकोण काढा, म्हणजे नंतर क्रम आणि बाजू चुकत नाहीत. तिघींची रेषा एकाच दिशेनं चढेल असं पाहा. नाहीतर जोडल्यावर रंधताना एक फळी गुळगुळीत आणि शेजारची उचकटलेली, असं होतं.

कडा जुळवायची युक्ती: ज्या दोन कडा एकमेकींना चिकटणार, त्या फळ्या पुस्तकासारख्या मिटून शिकंजात (बाकाच्या पकडीत) एकत्र धरा आणि दोन्ही कडा एकदम रंधा. रंधा थोडा कलला तरी दोन्हींचा कोन एकमेकाला पूरक येतो आणि उघडल्यावर फळी सपाटच राहते. मग एकीवर दुसरी उभी ठेवून मागून दिवा धरा. मध्यभागी कागदाच्या जाडीइतका उजेड चालेल, क्लॅम्प तो मिटवतो. टोकांना उजेड दिसला तर मात्र पुन्हा रंधा, कारण फूट टोकापासूनच सुरू होते.

साग तेलकट असतो. कड रंधून दोन दिवसांनी गोंद लावला की वर आलेलं तेल पकड कमी करतं. रंधल्यादिवशीच जोडा, किंवा जोडण्याआधी कापडानं ॲसिटोन पुसून ते उडू द्या. फेव्हिकॉल एसएच पुरतो. चौरंगावर अभिषेकाचं पाणी सांडणार असेल तर पाण्याला टिकणारा मरीन घ्या. कडेवर सलग पातळ थर, कुठेही कोरडा ठिपका नको. दोन क्लॅम्प खालून, एक वरून मधोमध. सगळे एकाच बाजूनं लावले तर फळी धनुष्यासारखी वाकते.

लांब क्लॅम्प नसतील तर पाचरांनी काम होतं. सपाट जाड फळीवर दोन समांतर पट्ट्या पक्क्या ठोका, मध्ये जोडायच्या फळ्या ठेवा आणि उरलेल्या फटीत दोन उलटसुलट पाचरी मोगरीनं हाणा. खाली वर्तमानपत्र घाला आणि वरून वजन ठेवा, नाहीतर फळ्या मध्येच उसळतात.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसू नका. पातळ होऊन तो लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिश लावल्यावर तिथे फिकट डाग उमटतो. अर्ध्या-पाऊण तासानं तो रबरासारखा झाला की पटाशीनं सोलून काढा. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी सोडा; पावसाळ्यात आणखी अर्धा दिवस द्या. मग दोन्ही बाजू सपाट करून ७ सूत जाडी आणा आणि १८ इंचांत चौरस कापा.

खाच आणि कुसू

पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू. ती पायातल्या खाचेत बसते. चौरंगाची सगळी ताकद या आठ सांध्यांत आहे. जास्तीत जास्त वेळ इथे घालवा.

कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीचा तिसरा हिस्सा: ६ सुतांची पट्टी, २ सुतांचा कुसू. लांबी ७ सूत, रुंदी २ इंच. पट्टी पावणेतीन इंच रुंद आहे. त्यातले वरून ४ सूत आणि खालून २ सूत कापून टाकायचे. वरचे ४ सूत का सोडायचे, तर खाच पायाच्या माथ्यापर्यंत नेली की पाय तिथून चिरतो.

पट्टी पायाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून १ सूत आत बसवायची. तंतोतंत एका पातळीत ठेवली तर हंगामात पाय आणि पट्टी कमी-जास्त हलून तिथे ओबडधोबड कड हाताला लागते. एका सुताच्या पायरीत ती लपते. या हिशोबानं खाच पायाच्या बाहेरच्या कडेपासून ३ सुतांवर सुरू होऊन ५ सुतांवर संपते. खोली १ इंच. एकाच पायात दोन बाजूंनी खाचा येतात. या मापानं त्यांच्यामध्ये १ सूत लाकूड शिल्लक राहतं. खोली वाढवली तर दोन्ही खाचा आत भेटतील.

आधी खाचा, मग कुसू. कुसू खाचेला बसेल असा तासता येतो, उलट करणं कठीण.

चारही पाय एकत्र बांधून, माथे एका ओळीत आणून खाचेची सुरुवात आणि शेवट गुण्यानं एकदमच आखा. पायांच्या माथ्यावर अजून पाऊण इंच जास्तीचं लाकूड आहे, ते आत्ता कापू नका. खाच खोदताना पाय फुटण्यापासून तेच वाचवतं. आखणी खऱ्या माथ्याच्या रेषेपासून करा: तिथून ४ सूत खाली खाच सुरू, त्यापुढे २ इंच. रुंदीच्या रेषा मार्किंग गेजनं, आणि गेजची मांडणी एकदा केली की सगळे पाय होईपर्यंत हलवू नका.

ड्रिलच्या बिटवर टोकापासून १ इंचावर चिकटपट्टी गुंडाळा. पाय पक्का धरून ६ मिमीची भोकं आधी दोन टोकांना, मग मध्ये शेजारी-शेजारी पाडा. ड्रिल तिरकं जाणं ही इथली नेहमीची चूक. शेजारी गुण्या उभा ठेवून पाहत राहा. उरलेल्या भिंती पटाशीनं साफ करा. खाचेचं तोंड गोल होता कामा नये, म्हणून टोकाच्या रेषेवर पटाशी अगदी शेवटी लावा.

कुसवाच्या खांद्याची रेषा, म्हणजे जिथे पट्टी पायाला टेकते ती, चारही बाजूंनी चाकूनं आखा. पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते, चाकूच्या रेषेत पटाशी स्वतःहून बसते. दोन खांद्यांमधलं अंतर नेमकं १२ इंच. चारही पट्ट्या एकत्र धरून एकाच वेळी आखल्या तर चौकट आपोआप काटकोनात येते. करवत नेहमी रेषेच्या फेकायच्या बाजूनं चालवा आणि कुसू किंचित जाड ठेवून पटाशीनं तासत बसवा.

कुसू हाताच्या दाबानं सरकत आत गेला पाहिजे. मोगरी हाणावी लागली तर जाड आहे. गोंदाच्या ओलीनं तो आणखी फुगेल आणि पाय फोडेल. उलटा धरल्यावर पट्टी आपोआप पडली तर सैल आहे. सैल कुसवात फेव्हिकॉलचा लगदा भरून भागत नाही, हा गोंद फट भरण्याचा नाही. कुसवाच्या दोन्ही गालांना रंध्याची एकेक साल चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा तासून बसवा. कुसू पूर्ण गेला पण खांद्याशी फट राहिली, तर खाचेच्या तळाशी भुसा अडकलाय का ते आधी बघा. निम्म्या वेळा तेच असतं.

पायांना उतार द्यायचा असेल तर तो खाचा झाल्यावरच. आतल्या दोन बाजूंना, पट्टीच्या खालून म्हणजे माथ्यापासून ३ इंचांवरून सुरू करून तळाशी सव्वा इंच उरेल इतका रंधा. बाहेरच्या बाजू सरळच ठेवा. खरादावरचे कातीव पाय हवे असतील तर वरचा ३ इंचांचा चौरस भाग तसाच ठेवून खराद करून घ्या.

गुटक्यांच्या खाचा

चौकट जोडण्याआधीच पट्ट्यांच्या आतल्या बाजूला फळी धरणाऱ्या गुटक्यांसाठी खाचा करा. प्रत्येक पट्टीला दोन, खांद्यापासून सुमारे ३ इंचांवर मध्य येईल अशा. खाच दीड इंच लांब, ३ सूत रुंद, ३ सूत खोल, आणि पट्टीच्या वरच्या कडेपासून ४ सूत खाली.

गुटका १ इंच रुंद. त्याच्या एका टोकाला ३ सूत लांबीची जीभ काढायची. वरून कापायचा भाग ४ सुतांपेक्षा जवळजवळ १ मिलिमीटर कमी ठेवा. त्या एका मिलिमीटरमुळेच स्क्रू आवळल्यावर फळी खाली ओढली जाते. गुटक्याची रेषा जिभेच्या दिशेनं, लांबीत असावी. आडवी आली तर जीभ पहिल्या पिळातच तुटते. मधोमध स्क्रूचं भोक पाडून घ्या.

चौकट जोडणं

आधी गोंदाशिवाय सगळं जुळवून पाहा, क्लॅम्प लावून. मग दोन पाय आणि एक पट्टी, अशा दोन बाजू आधी चिकटवा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडा. आठही सांधे एकदम चिकटवायला गेलात तर शेवटच्या सांध्यापर्यंत पहिला गोंद आवळलेला असतो. गोंद खाचेच्या भिंतींना जास्त, कुसवाला पातळ. तळाशी साचला तर कुसू पुढे जात नाही.

क्लॅम्प लावल्याबरोबर दोन्ही कर्ण मोजा. बाहेरून चौकट साडेपंधरा इंच आहे, कर्ण २१ इंच ७ सुतांच्या किंचित वर येतो. आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक मोठा निघाला तर त्या दिशेनं क्लॅम्प थोडा तिरका आवळा.

सुकल्यावर पायांचे वरचे जास्तीचे टोक कापून पट्टीच्या पातळीत रंधा. खालून उंची ११ इंच १ सूत ठेवा. डुगडुग काढायला घरातली सर्वात सपाट जागा शोधा, बहुतेक वेळा ती ओट्याचा ग्रॅनाइट असते. चौकट त्यावर ठेवा, आखूड पायाखाली कागदाच्या घड्या सरकवून ती स्थिर आणि वरून समपातळीत आणा. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती फिरवा आणि त्या रेषेवर कापा. नुसता ‘मोठा पाय’ अंदाजानं कापत बसलात तर चौरंगाचा पाट होतो.

फळी बसवणं

फळी उलटी ठेवा, चौकट तिच्यावर उलटी, चारी बाजूंना सव्वा इंच फळी बाहेर. गोंद अजिबात नाही. ६ नंबरचे सव्वा इंची स्क्रू घ्या: ६ सूत गुटक्यात जातात आणि ४ सूत फळीत, वर ३ सूत लाकूड शिल्लक राहतं. दीड इंची स्क्रू वापरलात तर टोक वरच्या पृष्ठभागाच्या सुतभर जवळ येतं आणि नंतर फळी रंधली-घासली तर बाहेर डोकावतं.

आता ऋतू पाहा. फळीच्या रेषेला समांतर असलेल्या दोन पट्ट्यांजवळचे गुटके फळीबरोबर आत-बाहेर सरकणार. उन्हाळ्यात काम करत असाल तर फळी पावसाळ्यात फुगून गुटका पट्टीकडे ढकलणार, म्हणून गुटक्याचा खांदा आणि पट्टी यांत १ सूत मोकळा ठेवा. गणपतीच्या तोंडावर, भर पावसात करत असाल तर फळी पुढे आकसणार. तेव्हा खांदा पट्टीला जवळजवळ टेकवून बसवा, नाहीतर मे महिन्यात जीभ खाचेतून सुटत येते. रेषेला आडव्या पट्ट्यांजवळचे गुटके खाचेच्या मधोमध बसवले की पुरे, दोन्हीकडे २-२ सूत जागा आहे.

पॉलिश

फळी काढून सगळे भाग सुटे घासा: ८०, १२०, १८०, २४०, कायम रेषेच्या दिशेनं. नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे २४० नं जात नाहीत, पॉलिशखाली मात्र चमकतात. फळीच्या कडा एक-दोन सूत गोल करा, टोकदार कडेवर पॉलिश टिकत नाही.

लाखेचं पॉलिश सागावर दिसतं सुंदर, पण चौरंगाला ते गैरसोयीचं. पाणी साचलं किंवा गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो. रोजच्या पूजेला, पंचामृत-पाणी सांडणाऱ्या चौरंगाला पीयू (पॉलियुरेथेन) बरं: पहिला हात थिनरनं पातळ करून, मग दोन हात, प्रत्येक दोन हातांत ३२० नंबरचा कागद हलका फिरवायचा. दमट, पावसाळी दिवशी लावू नका, पॉलिश दुधाळ होतं.

ज्यांना लाकडाचा पोत हाताला लागायला हवा, त्यांनी रंगाच्या दुकानात मिळणारं बेल तेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावावं. कापडानं भरपूर लावा, १५-२० मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून घ्या, एक दिवस जाऊ द्या. असे तीन हात. पुसलं नाही तर चिकट थर बसतो आणि आठवडे सुकत नाही. हळदीचा डाग तेलाच्या फिनिशवर पटकन मुरतो, हे धरून चाला. तेलात भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. उलगडून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

पॉलिश कोणतंही असो, फळीच्या खालच्या बाजूलाही तितकेच हात द्या. वरून बंद आणि खालून उघडी फळी एकाच बाजूनं ओल घेते आणि वाटीसारखी वाकते. पायांच्या तळालाही पीयूचे दोन-तीन हात जिरवा. फरशी पुसली की पाणी तिथूनच वर चढतं. खाली रबराचे बूच लावले तर आणखी उत्तम.

पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा मे गेला की चौरंग एकदा उलटा करून पाहा. एखादा गुटका पट्टीला घट्ट दाबला गेला असेल तर स्क्रू काढून त्याच्या खांद्यावरून एक साल रंधून परत लावा. जीभ खाचेतून बाहेर येत असेल तर गुटका सुतभर पुढे सरकवा, फळीला नवं भोक पाडा आणि जुन्या भोकात काडी आणि गोंद भरा.